दोन घरं, दोन मीटर आणि आबांची आंघोळ

मधुकरभाऊंनी त्यांचं बिल माझ्या उजव्या हातात दिलं, प्रवीणसरांनी त्यांचं डाव्या. कळसाडीतल्या त्यांच्या अंगणात आम्ही तिघं उभे होतो. जानेवारीचा पहिला आठवडा होता आणि सकाळी दहालाही स्वेटर काढवत नव्हता. दोघे सख्खे भाऊ, भिंतीला भिंत लागून घरं, पण एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही सांगायचं ते मला सांगत होते.

मी शहाद्याची. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. घराची वायरिंग करून द्यायची, तपासायची आणि ती ठीक आहे असा टेस्ट रिपोर्ट सही करून द्यायचा, हे माझं काम. मीटरपर्यंत वीज आणणं कंपनीकडे. मीटरच्या पुढे जे काही असतं ते घरमालकाचं, म्हणजे त्याने बोलावलेल्या माझ्यासारखीचं. या दोन घरांचं काम वर्षानुवर्षं मीच करते.

थोरले मधुकरभाऊ ऊस आणि कपाशी बघतात. धाकटे प्रवीणसर शाळेत शिक्षक. त्यांचे वडील, आबा, ऐंशीच्या पुढे गेलेले. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे राहतात. पाळी एक तारखेला बदलते आणि मीटरचं रीडिंगही त्याच सुमारास होतं. आबांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी शेक सांगितलाय, म्हणून सकाळी दोन बादल्या कढत पाणी आणि संध्याकाळी गुडघ्यांसाठी आणखी एक. दोन्ही घरांत गीझर आहेत, दोन्ही मीच बसवलेले.

आता तक्रार अशी. नोव्हेंबरात आबा मधुकरभाऊंकडे होते, त्या महिन्यात बिल वाढलं प्रवीणसरांचं. डिसेंबरात आबा प्रवीणसरांकडे गेले आणि बिल वाढलं मधुकरभाऊंचं. आबा ज्या घरात, त्या घराचं बिल कमी.

मी बिलं दोनदा वाचली. मग तारखा परत विचारल्या. तारखा बरोबर होत्या.

मधुकरभाऊंनी यातून काय अर्थ काढला ते त्यांनी सरळच सांगितलं. "आबाले थंडं पानी देतस का त्या लोके, इतलंच माले समजू दे."

प्रवीणसर शाळेतलं मराठी बोलतात. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे आबांना रोज गरम पाणी असतं, मी स्वतः बघतो. पण दादाकडे आबा असताना त्यांचं बिल खाली येतं. का येतं ते त्यांनी सांगावं."

म्हणजे भांडण बिलाचं नव्हतंच. दोन्ही घरांतल्या सुनांवर एकच आरोप होता, की म्हाताऱ्याला थंड पाण्यात बसवतात. दोघीही आपापल्या ओट्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. सुनंदावहिनी थोरल्या, कविता धाकटी.

मी कामाला लागले. आधी गीझर. दोन हजार वॅटचा गीझर तासभर चालला की दोन युनिट होतात. एक बादली पाणी हिवाळ्यात आंघोळीजोगं तापवायला अर्ध्या युनिटच्या थोडं वर लागतं. आबांच्या तीन बादल्या आणि गीझर उगाच चालू राहतो ते धरून रोजचे तीनेक युनिट. महिन्याचे नव्वद. शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे हे नव्वद अंगावर येतात. म्हणजे आबा ज्या घरात, तिथलं बिल चांगलं दिसण्याइतकं वाढायला हवं. इथे उलटं होत होतं.

टाँग टेस्टर नावाचं एक यंत्र असतं. चिमट्यासारखं तारेभोवती लावायचं, ते तारेतून किती करंट जातोय ते सांगतं. दोन्ही घरांत मेन स्विचजवळ लावून पाहिलं. गीझर चालू केला की करंट वाढत होता, बंद केला की उतरत होता, आणि आकडाही जेवढा हवा तेवढाच होता. फाटकाजवळ भिंतीत मीटरची पेटी आहे, तिथे जाऊन दोन्ही मीटरचे नंबर बिलांशी जुळवले. जुळले. नावंही बरोबर होती.

दोघांना वाटत होतं, ताई आल्यात म्हणजे आता उत्तर मिळणार. मला दोष सापडला नव्हता. अशा वेळी माझ्यासारखी माणसं सल्ला देतात, तसा मी दिला. पाणी तापवायचं कशावर, याचा हिशोब कवितेला समजावला. बंबात कपाशीच्या काड्या घातल्या तर पैसे लागत नाहीत, पण पहाटे उठून धुरात बसावं लागतं. गॅस गीझरला वीज लागत नाही, पण तो बंद न्हाणीत लावायचा नाही, हवा खेळती पाहिजे. विजेचा गीझर सोपा, पण बटण बंद करायचं लक्षात राहिलं तर. सोलर चांगला, पण एकदम खर्च मोठा. कविता सगळं ऐकून घेऊन म्हणाली की बंब माळ्यावर पडलाय, तोच काढते. गीझरचा प्लगच काढून ठेवते, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

प्रवीणसरांना मी सांगितलं की रोज सकाळी सातला दोन्ही मीटर वाचा आणि वहीत लिहा. मधुकरभाऊंना ते पसंत नव्हतं, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. जानेवारीत आबा त्यांच्याकडे होते.

आठवड्याने प्रवीणसरांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मी माझ्या दुकानात चहा पीत होते, तो तसाच ठेवला. कवितेने गीझर बंद केला होता, बंबावर सगळं घर आंघोळ करत होतं, आणि तिचं मीटर होतं तसंच रोज सात युनिट पळत होतं. उलट सुनंदावहिनींच्या घरात काहीच बदललं नव्हतं, आबाही होते, आणि त्यांचं मीटर पाचावरून तीनवर आलं होतं.

मला वाटलं, सुनंदावहिनींनी भांडणाच्या धास्तीने काटकसर सुरू केली असेल. आणि कवितेच्या घरात कुठेतरी लीकेज असेल. लीकेज म्हणजे तारेचं आवरण खराब होऊन वीज भिंतीत, ओलीत झिरपत राहते. वापर नसतो, पण मीटर चालतं.

रतनदादांना घेऊन मी परत गेले. रतनदादा माझे वायरमन, वीस वर्षांपासून माझ्याबरोबर आहेत. आम्ही मेगर लावला. मेगर म्हणजे तारेचं आवरण धड आहे की नाही ते तपासायचं यंत्र. कवितेच्या घरातली एकेक लाइन सोडवून बघितली. स्वयंपाकघर, देव्हारा, न्हाणी, गच्चीवरची टाकी. संध्याकाळचे चार वाजले. एकही लाइन खराब निघाली नाही.

प्रवीणसर शाळेतून आले. मी त्यांना सांगितलं की तुमच्या घरात दोष नाही. त्यांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले की मग एकच राहतं, दादा आमच्या लाइनवरून वीज घेतोय. मी म्हटलं, असा कुठलाही जोड मला दिसलेला नाही. ते म्हणाले की तुम्हाला सगळंच कुठे दिसतंय.

ते मला लागलं. पण खरं होतं.

शहाद्याला परत आले. घरी जेवतानाही डोक्यात तेच. जे घर बंब पेटवतंय त्याचं मीटर थांबत नाही, जे घर काहीच करत नाही त्याचं थांबतं. इतकी वर्षं या कामात गेली. कधी नव्हे ते मला माझ्या यंत्रांवरच संशय यायला लागला. दुसऱ्या दिवशी टाँग टेस्टर दुकानातल्या इस्त्रीवर लावून तपासला. तो ठीक होता.

मग चार दिवसांनी प्रवीणसरांचा फोन आला आणि गोंधळ आणखी वाढला. त्यांचा आवाज मोकळा होता. म्हणाले, "ताई, प्रॉब्लेम संपला. आमचं मीटर सातावरून चारवर आलं. तीन दिवस झाले."

मी विचारलं, तुम्ही काय केलं. ते म्हणाले, काहीच नाही. दादाने काय केलं. तेही काहीच नाही. प्रवीणसरांचा समज असा झाला होता की दादाने चोरून लावलेली वायर आता गुपचूप काढली.

काही न करता बरं झालेलं मीटर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी आठलाच मी स्कूटरवरून कळसाडी गाठली. मधुकरभाऊ उसाच्या तोडीवर गेलेले, प्रवीणसरांची शनिवारची सकाळची शाळा, कविता प्रकाशा गावी बहिणीकडे गेलेली. धाकट्यांच्या घराला कुलूप होतं. थोरल्यांच्या ओट्यावर आबा घोंगडी पांघरून बसले होते आणि खोकत होते.

सुनंदावहिनींनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. चहा टाकला, दार लोटलं. मग म्हणाल्या, "ताई, चार दिन व्हयनात, आबा गीझरनं बटनच दाबतस नही."

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या पाचला उठतात. त्याआधीच आबा उठून टाकीच्या पाण्याने आंघोळ करून मोकळे होतात. विचारलं तर म्हणतात, पाणी गरमच होतं. एक दिवस वहिनींनी लवकर उठून न्हाणीची फरशी हाताने चाचपली, ती बर्फासारखी होती. संध्याकाळचा शेकही नको म्हणतात. गुडघा सुजलाय. हे नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, तूच पाणी दिलं नसशील. जावेला सांगावं तर तिला वाटणार, बघा, खरंच निघालं. म्हणून त्या चार दिवस गप्प होत्या. हे सांगताना त्यांनी एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. गॅसकडे बघत बोलत होत्या.

मी बाहेर आबांजवळ जाऊन बसले. त्यांना विचारलं की असं का करता. ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "मी गरम पानीनी आंघोय करस, ते दोन्ही घरमा भांडन व्हस. थंडा पानीनी करी देखी, ते समदं शांत व्हयनं. मंग तूच सांग ताई, सस्तं कोनतं पडस?"

गावोगावी बायकांना गॅस, वीज आणि बंब यांचा हिशोब सांगत फिरणारी मी. रोज सातला वही घेऊन फाटकाशी उभं राहायला मीच सांगितलं होतं. ओट्यावर बसून ते सगळं आबांना दिसत होतं.

मी त्यांना म्हटलं की आबा, माझं काम अडलंय. तुम्ही आत्ता गरम पाण्याने आंघोळ केली तर मला मीटर बघता येईल. भांडणाचं मी बघते. स्वतःसाठी ते उठले नसते. माझं काम अडलंय म्हटल्यावर उठले.

सुनंदावहिनींनी गीझर लावला. मी फाटकाजवळच्या पेटीपाशी गेले आणि झाकण उघडलं. हल्लीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज कमी चालली तर तो संथ लुकलुकतो, जास्त चालली तर भरभर. सुनंदावहिनींच्या मीटरचा दिवा संथ होता. अगदी संथ. शेजारचा, कवितेच्या मीटरचा, नजर ठरू नये इतका भरभर चालला होता.

कवितेच्या घराला कुलूप होतं.

मी वहिनींना हाक मारून गीझर बंद करायला सांगितलं. कवितेच्या मीटरचा दिवा संथ झाला. परत चालू करा म्हटलं. दिवा परत धावायला लागला. मी हे तीन वेळा केलं. दुसऱ्यांदाच कळलं होतं, तिसऱ्यांदा नुसतं उभं राहायला वेळ हवा होता म्हणून केलं. वहिनी खिडकीतून विचारत होत्या की आंघोळीला पाणी काढू का. मी म्हटलं, काढा, भरपूर काढा.

गेल्या एप्रिलमध्ये या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. तेव्हा मीटरच्या पेटीपासून दोन्ही घरांकडे जाणाऱ्या जुन्या तारा काढून जमिनीखालच्या पाइपातून नव्या टाकल्या. ते काम माझं. दोन पाइप, दोन्हीतून लाल आणि काळी तार, एकाच बंडलातली. पेटीत चारही टोकं बाहेर आली तेव्हा कुठली कुठल्या घराची हे कुणी तपासलं नाही. थोरल्याचं घर धाकट्याच्या मीटरवर गेलं आणि धाकट्याचं थोरल्याच्या. उन्हाळ्यात दोन्हीकडे पंखे, कूलर सारखेच, पावसाळ्यातही तसंच. फरक दिसला तो हिवाळ्यात, आबांच्या गरम पाण्याने.

मेन स्विच बंद करायचा आणि मीटर थांबतंय का ते बघायचं. दोन मिनिटांची तपासणी आहे, मी ती गिऱ्हाइकांनाही शिकवते. इथे आधी दोन खेपा झाल्या आणि मी ती केली नाही. घरातली वायरिंग जुनी होती म्हणून ती सगळी उकरून बघितली. फाटकापासून घरापर्यंतच्या तारा नव्या होत्या, माझ्या होत्या, म्हणून त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

रतनदादांना फोन करून बोलावलं. ते अकराला आले. पेटी बघून त्यांनाही लगेच कळलं. पिशवीतून पक्कड काढत ते खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, अर्धा तासनं काम शे. कोनले समजाव नही."

मी त्यांना लगेच नाही म्हटलं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी विचार केला. या पट्ट्यातलं माझं निम्मं काम नात्यागोत्यातल्या शिफारशीवर चालतं. तारा बदलल्या की पुढची बिलं आपोआप सरळ येतील. लूज कनेक्शन होतं, असं सांगितलं तर कुणी विचारणारही नाही. पण मागची दोन बिलं तशीच राहणार होती. त्या कागदांवर सुनंदावहिनींनीही आबांना थंड पाणी दिलं होतं आणि कवितेनेही. ते पुसायला खरं सांगण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

आम्ही थांबलो. साडेबाराला प्रवीणसर आले, पाठोपाठ कविता. मधुकरभाऊंना निरोप धाडला, ते उसाचा पाला कपड्यांना तसाच घेऊन आले. सगळ्यांना मी फाटकाजवळ बोलावलं. आबांना खुर्ची दिली. गीझर लावून दिवा दाखवला, बंद करून दाखवला. मग म्हटलं की एप्रिलमध्ये तारा उलट्या जोडल्या गेल्या.

"कोनी जोड्यात?" मधुकरभाऊंनी विचारलं.

"माझ्या माणसाने जोडल्या. तपासलं मी नाही, आणि तपासलं म्हणून सही मी केली. चूक माझी आहे."

मग प्रवीणसरांनी दप्तरातून वही काढली. रकान्यांवर लिहिलेली दोन नावं खोडली आणि उलटी लिहिली. नोव्हेंबर, आबा दादाकडे, दादाचे युनिट जास्त. डिसेंबर, आबा आमच्याकडे, आमचे जास्त. जानेवारीचा पहिला आठवडा, दादाकडे सात, आमच्याकडे बंब लागला म्हणून पाचाचे तीन. ते वर्गात वाचतात तसं एकेक ओळ वाचत गेले. सगळं जागच्या जागी बसत होतं. शेवटच्या चार दिवसांपाशी आले आणि थांबले. तिथे दादाकडचे युनिटही चार झाले होते. त्यांनी सुनंदावहिनींकडे पाहिलं. वहिनींनी आबांकडे.

त्या चार दिवसांत आबांनी गरम पाणी घेतलं नव्हतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मधुकरभाऊंनी वडिलांचा गुडघा धोतरावरूनच हाताने चाचपला आणि हात तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की दिवाळीनंतर आम्ही एका पंगतीला बसलेलो नाही ताई. त्यात राग होताच, मी तो ऐकून घेतला.

दुपारी दोन्ही घरांची वीज बंद करून आम्ही तारा बदलल्या. या वेळी चारही टोकांना नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या, आणि मग दोन्ही घरांची एकेक लाइन नव्याने तपासायला घेतली. संध्याकाळ झाली तरी काम चालूच होतं आणि आबांच्या शेकाची वेळ आली. गीझर लागणार नव्हता. कवितेने बंब पेटवलेला होता. ती एक बादली भरून थोरल्यांच्या न्हाणीत ठेवून आली. थोड्या वेळाने सुनंदावहिनी रिकामी बादली द्यायला तिच्या ओट्यावर गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. आतून कपांचा आवाज येत होता.

मागच्या महिन्यांत ज्याचं ज्याला जास्त गेलं ते भावांनी आपसात मिटवलं. दोन घरांचा फरक बघायला गेलं तर फार नव्हता, कारण आबा दोन्हीकडे राहिले होते. एप्रिलच्या कामाची मजुरी मी परत केली. आबांचा खोकला फेब्रुवारीत गेला.

मधुकरभाऊंनी त्यानंतर विहिरीच्या पंपाचं काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला दिलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. कवितेने मात्र तिच्या प्रकाशा गावातल्या बहिणीचा नंबर दिला, तिला गॅस बरा की वीज ते विचारायचं होतं. मी गेले. तिने बिलं पुढे केली. मी म्हटलं, ती राहू द्या जरा. आधी तिला मीटरजवळ उभं केलं, आत जाऊन मेन स्विच पाडला आणि तिथूनच विचारलं की दिवा थांबला का. थांबला, असं ती म्हणाली तेव्हा मी वही उघडली.

आता हे मी प्रत्येक घरात करते. नव्या कामाला तर आधी करते, आणि स्वतः केलेल्या कामाला सगळ्यात आधी. कशावर पाणी तापवणं स्वस्त, हा हिशोब अवघड नाही, चौथीचं गणित आलं तरी जमतो. फक्त समोरचा आकडा कुणाच्या घरचा आहे, एवढं आधी बघून घ्यावं लागतं.